पाण्यातला वीर

आमच्या भागात कुणी पाण्यात मेला म्हटलं की माणसं पुढचं विचारत न्हाईत. नदी कोरडी, तलाव उन्हाळ्यात तळाला गेलेला. मग पाण्यात मेला म्हणजे विहिरीत मेला, आणि विहिरीत मेला म्हणजे घरात काहीतरी बिनसलं होतं. तोंडावर कुणी बोलत न्हाई. त्या घरची बाई हापशावर आली की चाललेलं बोलणं तेवढं थांबतं.

माझा बोटीवरचा एक जोडीदार पाण्यात मेला. मी भूमकडचा, तो परंड्याकडचा. समुद्रात मेला, लढाईत मेला, सरकारनं तसं कळवलंही. तरी गावानं त्याला विहिरीच्याच माणसांत धरलं. त्याच्या बायकोनं ते पन्नास वर्षं सोसलं आणि गेल्या साली होळीच्या महिनाभर आधी मला फोन केला.

"भाऊ, भावकीनं वीरांचा नवा वटा बांधलाय. आमच्या मालकांला त्यात जागा न्हाई म्हणत्यात. तुमी या. बघितलेलं तुमच्याबिगर कुणी ऱ्हायलं न्हाई."

ज्यांला ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. घरातला कुणी पुरुष झुंजीत पडला तर त्याचा वीर होतो. सोनाराकडून त्याचा चांदीचा टाक करून घेतात, देवांत बसवतात. धुळवडीला ते टाक बाहेर काढून वाजतगाजत गावातनं फिरवतात, आणि ज्याच्या त्याच्या घरापुढं वीर थांबतो. त्या भावकीचे वीर पुष्कळ. एक निजामाच्या काळात गावावर धाड आली तेव्हा पडलेला, एक लांडग्याशी झुंजताना गेलेला. वीर व्हायला फौजेत जावं लागत न्हाई. पण झुंजीत पडावं लागतं. विहिरीत पडलेल्याचा वीर होत न्हाई.

फोन आला तेव्हा मी गुडघ्याला तेल लावून पडलो होतो. जायची इच्छा नव्हती, खरं तेच लिहितो. ही गोष्ट सांगून सांगून मी कंटाळलो आहे. गावच्या शाळेत मला झेंड्याच्या दिवशी बोलवायचे. पोरं विचारायची, आजोबा, तुमी किती मारले? मी म्हणायचो, मी स्वयंपाकी होतो. पोरांची तोंडं उतरायची. एका साली गुरुजी हळूच म्हणाले, तोफेवर होतो म्हणा, काय बिघडतं. त्यानंतर मी त्या शाळेत गेलो न्हाई. गाडी पाठवली तरी गेलो न्हाई.

बायको चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "शाळंतल्या पोरांवर रुसलाव ते ठीक हाय. त्या बाईनं तुमचं काय घोडं मारलंय?"

मग निघालो.

आमचं घर मेंढरांचं. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही मेंढरं गावाजवळ असली तर. बाप रागीट, मी त्याच्याहून रागीट. एक दिवस भांडून सोलापूरला गेलो, तिथं फौजेची भरती चालली होती. फौजेत छाती कमी पडली. बाजूला नेव्हीचा माणूस बसला होता, त्यानं विचारलं पोहता येतं का. मी म्हटलं येतं. भूमच्या माळावर मी कशात पोहलो असेन, हे त्यानं विचारलं न्हाई. मला स्वयंपाकात घातलं. बोटीवर आम्हांला भंडारी म्हणायचे.

तो माझ्याआधी भरती झाला होता. त्याचं काम बॉयलरवर, आगवाला म्हणून. बोटीच्या पोटात खाली बॉयलर असतो, त्याची आग सांभाळायची, वाफ कमी पडू द्यायची न्हाई. वाफ आहे तर इंजिन आहे. त्याला पोहता फार छान यायचं. लहानपणापासून विहिरीत मुटके मारलेले. बंदरात बोट उभी असली की तो मुद्दाम माझ्यासमोर पाण्यात उडी टाकायचा, आणि मी कठड्याला धरून उभा असायचो.

एका जिल्ह्याचे म्हणून आमचं काही गोडीगुलाबीचं नव्हतं. त्याला माझी आमटी पातळ वाटायची. एकदा सुट्टीवरनं त्यानं ज्वारीचं पीठ आणलं आणि मला भाकरी करायला सांगितली. मी केली. त्यानं एक घास खाल्ला आणि म्हणाला, धनगराच्या घरात भाकरी बाया करत्यात वाटतं. त्यावरनं आम्ही पुढं महिनाभर बोललो न्हाई. पण भाकरी तो रोज न्यायचा. गुमान यायचा, ताट धरायचा, जायचा. लढाई सुरू झाली तेव्हा पीठ संपलं होतं आणि आमचं बोलणं नुकतंच सुरू झालं होतं.

परंड्याला उतरून पुढं जीपनं गेलो. त्याची बायको, तिला मी वैनी म्हणतो, रस्त्याला येऊन थांबली होती. मी तिला तिच्या लग्नानंतर एकदा बघितलेली आणि लढाईनंतर एकदा. आता वाळून काटकी झाली होती. मूलबाळ न्हाई. वाटणीला आलेलं रान आपल्या हातानं करते. चहा पाजून तिनं मला सांगितलं की भावकीच्या बैठकीत तिचा दीर बसलाय, तो वाईट न्हाई, पण भावकीच्या तोंडाकडं बघतो. आणि भावकीतलाच एक पुतण्या आहे, तो बोलंल, त्याच्यावर चिडू नका. मी म्हटलं मी कशाला चिडतो. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

मारुतीच्या देवळापुढं नवा वटा होता, फरशीचं काम ताजं. लिंबाखाली सतरंजी टाकून भावकी बसली होती. तिचा दीर मधोमध, माझ्याच वयाला टेकलेला, धोतर आणि वर मुलाचा जुना स्वेटर. त्यानं मला हाताला धरून खाली बसवलं, पाणी दिलं. वैनी देवळाच्या पायरीपाशी उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली न्हाई.

पुतण्या म्हणजे चाळिशीचा गडी, हातात दोन फोन. त्यानंच सुरुवात केली. पाव्हणं, तुमी बोटीवर काय व्हता? मी सांगितलं, भंडारी. म्हणजे सयपाकी? व्हय, सयपाकी. तो बाकीच्यांकडं बघून हसला. म्हणाला, वीराची साक्ष आचाऱ्याकडनं घ्यायची वेळ आली. दोघं-तिघं हसले. मी उठणार होतो. गुडघ्यामुळं पटकन उठता आलं न्हाई, म्हणून बसलो. बरं झालं.

मग त्यानं मुद्द्याचं काढलं, आणि ते ऐकून मला कळलं की पन्नास वर्षं गाव काय बोलत होतं. तो म्हणाला, आमच्या चुलत्याला पोहता येत व्हतं. आख्ख्या शिवारात तसा पोहणारा नव्हता. मग बुडला कसा? पोहणारा माणूस बुडतो कधी? बुडायचंच असंल तर.

पायरीकडं कुणी बघितलं न्हाई. मी बघितलं. वैनीनं पदर नीट केला, बाकी काही न्हाई. हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं नसावं.

मी सांगायला लागलो. शाळेत सांगायचो तसं न्हाई, सरळ.

आमची बोट लढायला बांधलेलीच नव्हती. इंग्रजाच्या वेळची, दुसऱ्या बोटी ओढून न्यायच्या कामाची. पुढं एक तोफ बसवलेली, ती माझ्याहून म्हातारी. लढाई लागली आणि आम्हांला एका बेटावरची माणसं आणायला पाठवलं. माणसं मालाच्या एका बोटीवर चढवली होती, बायकापोरांसकट, आणि त्या बोटीचं इंजिन बंद पडलेलं. दोरखंड बांधून आम्ही तिला ओढत निघालो. दिवस डोक्यावर आला तेव्हा शत्रूच्या दोन बोटी दिसल्या. पळायला आमच्या तिप्पट, आणि तोफा मोजायचं काम नव्हतं.

दोर तोडून आम्हांला पळता आलं असतं का? कदाचित. कप्तानानं दोर सोडला, पण पळायला न्हाई. वारा किनाऱ्याकडं होता. मालाची बोट आपसूक उथळ पाण्याकडं वाहत जाईल, तिथं त्या मोठ्या बोटींना येता येणार न्हाई, एवढा त्याचा विचार. तोवर कुणीतरी मध्ये पाहिजे. कप्तान भोंग्यावर एवढंच बोलला की आपण मध्ये राहायचं, जमंल तेवढा वेळ. भाषण केलं न्हाई. मला आठवतं, मी चूल विझवली आणि भात अर्धा कच्चा राहिला याचंच वाईट वाटलं.

लढाईत भंडाऱ्याला चूल नसते. खालच्या कोठीतनं गोळे उचलून वर तोफेकडं पोचवायचे, हे माझं काम. वाट बॉयलरच्या दारावरनं जायची. लोखंडी दार, चारी बाजूंनी खिट्ट्या, आतूनही लावता येतं आणि बाहेरूनही. पहिला गोळा आमच्या नाकाडावर बसला. दुसरा कुशीत, बॉयलरच्या बाजूला. खाली पाणी घुसलं. खालच्या सगळ्यांना वर यायचा हुकूम झाला, माणसं माझ्या अंगावरनं वर पळाली. हा आला न्हाई.

पुतण्या मध्येच म्हणाला, "का न्हाई आला? पाय अडकला असंल."

"पाय मोकळं व्हतं. दारापर्यंत चालत आला."

मी दारापाशी होतो, हातात गोळा. तो आतनं दारात आला. गुडघ्याएवढं पाणी, अर्धं तोंड काळं. मी म्हटलं चल. तो म्हणाला, "वाफ उतरंल. मग बोट काय वल्ही मारून फिरवणार हायस?" माझ्यामागं गोळ्यांची कोठी होती, पाणी उंबऱ्यावरनं तिकडं यायला लागलं होतं, ते त्यानं बघितलं. मग माझ्या हातातल्या गोळ्याकडं बघितलं. "माझ्या तोंडाकडं काय बघतो? गोळा पोचव," म्हणाला, आणि दार ओढून घेतलं. खिट्ट्या फिरल्याचा आवाज मी ऐकला. एक, मग दुसरी, मग पुढच्या. मी गोळा घेऊन वर गेलो.

इंजिन त्यानंतरही चाललं. बोट फिरत राहिली, म्हणून तोफेचं तोंड शत्रूकडं राहिलं. आमचा एक गोळा त्यांच्या एका बोटीला लागला आणि ती धूर सोडत मागं गेली. मी गोळे पोचवत राहिलो, त्या दारावरनं येत-जात राहिलो. दार गरम होतं. मग एका खेपेला पायाखालची थरथर थांबली. इंजिन बंद. तोवर मालाची बोट उथळ पाण्यात गेली होती, माणसं कमरेएवढ्या पाण्यातनं किनाऱ्याकडं चालताना डेकवरनं मला दिसली. मग दुसऱ्या बोटीनं आम्हांला बुडवलं. मला कोळ्यांनी वर काढलं, फळी धरलेली होती म्हणून. पोहता येत होतं म्हणून न्हाई.

एवढं बोलून मी पाणी प्यालो. पुतण्यानं एक फोन खिशात ठेवला, पण तो गडी चिवट. म्हणाला, समदं खरं धरलं, तरी हातात हत्यार कुठं व्हतं? आणि दार भाईरून लावून वर येता आलं असतं की. पोहणारा माणूस.

तेव्हा मी चिडलो. वैनीनं सांगितलेलं असूनही चिडलो.

"तू शेती करतोस का नुसतं फोन धरतोस?"

"करतो की."

"रातचं पाणी पाटानं सोडलंय, आणि पाट फुटला. काय करशील?"

"माती टाकीन."

"वाहत्या पाण्यात माती ठरत न्हाई. मग?"

हल्ली पाइप आहेत, ठिबक आहे. त्याला पाट फुटलेला ठाऊक नसावा. पण बाकीची जुनी माणसं होती. मी बोललो ते माझं म्हणून न्हाई, मी मेंढरंवाला, लोकांच्या बांधावरनं बघितलेलं. तिचा दीर इतका वेळ खाली सतरंजीकडं बघत बसला होता. तो हळूच म्हणाला, "आडवं पडायचं."

पुतण्यानं त्याच्याकडं बघितलं.

"फुटलेल्या जागी माणसानं आडवं पडायचं," दीर म्हणाला. "पाठीनं पाणी धरायचं. दुसऱ्यानं मागनं माती आणून टाकायची, तवर हलायचं न्हाई. आमचा बाप पडला हुता. पौषातली थंडी, आमी दोघं भाऊ माती आणत हुतो. थोरला सारखा म्हणायचा, आबा उठा, म्या पडतो. बाप उठला न्हाई."

मग त्यानं मला विचारलं, "पाव्हणं, खिट्ट्या आतनं लावल्या, हे पक्कं?"

"आतनं. म्या कानानं ऐकल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

तो उठून वट्याकडं गेला, फरशीवर हात फिरवला, परत आला. भावकीला त्यानं विचारलं न्हाई. पायरीकडं बघून म्हणाला, "वैनी, धुळवडीच्या आत टाक करून घ्या. वीर म्या धरतो."

पुतण्या म्हणाला, तसं असंल तर आमचं कुठं काय म्हणणं हाय, आमाला कुणी सांगितलंच नव्हतं. ते मात्र खरं होतं. सरकारच्या कागदात लढाईत गेला एवढंच होतं, दाराचं काही नव्हतं. मी लढाईनंतर एकदा येऊन तिच्या सासऱ्याला सांगून गेलो होतो. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, मग मुडदा कुठाय? मुडदा न्हाई म्हटल्यावर त्यानं पोराचा दहावाही केला न्हाई. येईल म्हणून वाट बघतच तो गेला. त्यानं कुणाला काही सांगितलं नसणार. ज्याची वाट बघायची, त्याचं मरण कोण सांगत बसतो.

जेवायला वैनीकडं गेलो. तिनं पिठलं-भाकरी केली. भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, "पाणी लई गार असंल, न्हाई?"

मला आधी कळलं न्हाई. मग कळलं, इतकी वर्षं ती त्याला गार पाण्यात बघत असणार.

"न्हाई वैनी. बॉयलरपाशी पाणी ऊन असतंय."

तिनं मान हलवली आणि मला अर्धी भाकरी आणखी वाढली. वाफ काय करते ते तिनं विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी परंड्याला सोनाराकडं आम्ही तिघं गेलो, ती, दीर आणि मी. तिथं माझं सोनाराशी वाजलं. त्याच्याकडं वीराचा एकच ठसा. घोड्यावर बसलेला माणूस, हातात तलवार. मी म्हटलं, ह्या माणसानं जन्मात घोडा बघितला तो लग्नात, तेही दुसऱ्याच्या. बोट काढ. सोनार म्हणाला, बाबा, बोटीचा ठसा नसतो, मी आणू कुठनं. मी म्हटलं निदान तलवार तरी काढून टाक. तो म्हणाला, तलवार काढली तर वीर कशानं म्हणायचं? दीर मध्ये पडायला बघत होता, त्याला दोघंही दाद देईनात. वैनी बाकड्यावर बसली होती.

"भाऊ, असू द्या," ती म्हणाली. "लई दिस पाण्यात उभं हायत. बसू द्या घोड्यावर."

मग मी सोनाराला म्हटलं, ठोक तसाच.

धुळवडीला जायचं नव्हतं. बायको म्हणाली, आता काय तिथं, झालं की तुमचं काम. पण गेलो. दोन बस बदलून, गुडघ्याला फडकं बांधून. ऊन चांगलंच होतं. हलगी वाजत होती, पोरं रंगात बरबटलेली, पुतण्या सगळ्यांच्या पुढं नाचत होता. वीर धरलेली माणसं ओळीनं आली. प्रत्येकाच्या हातात ताट, ताटात खोबऱ्याच्या वाटीवर टाक. सगळ्यांत मागं तिचा दीर. तो अनवाणी होता, धोतर नवं, आणि चालताना ताटाकडंच बघत होता, ठेच लागंल याचंही भान न्हाई.

इतकी वर्षं वीर तिच्या दारावरनं पुढं जायचे. ती दार पुढं लोटून आत बसायची, असं शेजारणीनं मला तिथं उभ्याउभ्या सांगितलं. आज ती दारात होती, हातात पाण्याचा तांब्या. शेजारचीच एक सून पुढं झाली आणि तांब्या घ्यायला हात केला. विधवेनं पाय धुवायचे नसतात, तिच्या मनात तेच असणार. वैनीनं तांब्या सोडला न्हाई. सुनेनंही ओढला न्हाई. दीर येऊन थांबला. वैनीनं खाली वाकून त्याच्या पायांवर पाणी घातलं, टाकाला कुंकू लावलं, उभी राहिली. हलगीवाल्यानं दोन ठोके जास्त दिले असतील. मग मागनं पोरांचा लोंढा आला, कुणीतरी चला चला म्हणालं, आणि दीर पुढं निघाला.

मी भिंतीला टेकून होतो. ती रिकामा तांब्या घेऊन रस्त्याकडं बघत होती, वीर वळणावर दिसेनासा झाला तरी.

"लई घाईत गेलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, दिराला सांगतो, पुढच्या खेपेला जरा थांबत जा म्हणून.

"नगं," ती म्हणाली. "आता दरसाल येतीलच की."